‘पाहू’ म्हणजे नेमकं किती?

कुंदाबाई,

माझ्या रेणूची अडीच महिन्यांची सुई राहिली आहे, आणि ज्यांना विचारायचं त्या तुम्हीच निघून गेलात. तारीख केव्हाच टळली. आशाताई घरी येऊन आठवण करून गेली. मी दारातच तिला म्हणाले, "पाहू." म्हणाले आणि जागच्या जागी गार पडले. हा शब्द आपण दोघींनी भद्रावतीपासून एटापल्लीपर्यंत इतक्या अंगणांत ऐकला होता की शेवटी शेवटी त्याच्या नुसत्या आवाजानं माझं डोकं तापायचं. तो आता माझ्या तोंडून निघाला. आशाताईनं तो जसा ऐकायचा असतो तसाच ऐकला. मान हलवली, पिशवी खांद्यावर घेतली आणि शेजारच्या घरी गेली.

तुम्ही किती वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर आरोग्याच्या सर्वेक्षणात कशा आलात, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. तुमच्या कॉलेजातल्या माणसांनी चांगलं सांगितलं. तुम्ही ऐकलं असतं तर मागच्या खुर्चीवर बसून शेंगदाणे खाल्ले असते. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. मला ते पुरं करायचं आहे आणि समोर कोणी नाही.

आपली ओळखच भांडणातून झाली. मी अहेरीच्या बाजारात पत्रक वाटत होते. शीर्षक मीच दिलं होतं: ‘लस नाकारणारे पालक की गुन्हेगार?’ तुम्ही एक पत्रक घेतलं, चष्मा वर करून उभ्या उभ्या पूर्ण वाचलंत आणि विचारलंत, हे कोणी लिहिलं. मी ताठ मानेनं म्हणाले, मी. नाव विचारलंत. मी म्हणाले, क्रांती.

"वा. बापानं नाव ठेवलं अन् पोरीनं लगेच मनावर घेतलं," तुम्ही म्हणालात. मग पत्रकाची घडी करून पर्समध्ये ठेवलीत. "मराठी चांगली आहे तुझी. पण प्रत्येक वाक्य मुठी आवळून उभं आहे. माह्यासोबत चल. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या अंगणात उभी राहून वाच."

मला वाटलं, ही बाई टोमणा मारून जाईल. तुम्ही खरंच नेलंत. आठवडाभरात मी तुमच्या जीपमध्ये होते, मांडीवर प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन. काम असं होतं: मुलांना लस देताना आईबाप कचरतात, ते किती कचरतात आणि का, हे मोजायचं. तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. म्हटलं, यात मोजायचं काय? द्या म्हणावं आणि मोकळे व्हा. माझे बाबा माजरीच्या खाणीत होते, पाळी संपली की युनियनच्या खोलीत पत्रकं छापायचे. शाई सुकेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून अक्षरं वाचायची. आमच्या घरात जगाचे दोनच भाग होते: ज्यांना कळलं आहे ते आणि ज्यांना अजून सांगायचं आहे ते. कळूनही थांबलेला माणूस आमच्या पत्रकांत कुठे नव्हता.

तो मला पहिल्यांदा भेटला भद्रावतीकडच्या त्या गावात. नामदेवभाऊ. सोयाबीनची मळणी चालू होती, त्यांनी आपल्यासाठी खाट टाकली. तुम्ही मला खरंच पत्रक वाचायला लावलंत. मी वाचलं, शीर्षकासकट. नामदेवभाऊंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं वाचता तुमी. निवडणुकीले उभ्या राहा." मग चहा सांगायला आत गेले. मी लाल झाले होते. तुम्ही पदर तोंडाशी धरून हसत होतात.

चहा पिता पिता ते आपणहून बोलले. त्यांना सुईची भीती नव्हती. मोबाइलवर कोणीतरी पाठवलेली चित्रफीत त्यांनी पाहिली होती, पण तीही खोटी असेल असंच ते म्हणाले. भीती वेगळीच होती. घरात म्हातारी आई होती, तिचा सुईला विरोध होता.

"उद्या सुई टोचली अन् पोरीले काही झालं," ते म्हणाले, "तर माही माय जन्मभर माह्या बायकोले म्हणन, तूच नेलं होतं. कोणी जगू देणार नाई तिले. अन् नाई नेलं अन् रोग झाला, तर ते देवाचं. त्याच्यात कोणाचं नाव नाई निघत."

मी म्हणाले, म्हणजे तुम्ही लस नाकारता. ते म्हणाले, "नाकारत नाई ना ताई. पाहू."

परतीच्या वाटेवर मी चिडून बोलत होते. विज्ञानाचा प्रश्न आहे आणि हा माणूस सासू-सुनेचं भांडण सांगतो. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात, वळणं आली की तुम्हाला मळमळायचं. तुम्ही एवढंच म्हणालात की आपल्या प्रश्नावलीत घरात कोण कोणाला बोलेल हा प्रश्नच नाही. आणि मग ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलीत आणि उतरून ओकलात. तुमचा एखादा मोठा मुद्दा मांडून झाला की हे हमखास व्हायचं. मी तुम्हाला म्हणायची, बाई, तुमचं पोट तुमच्या मुद्द्याशी सहमत नाही. तेव्हा तुम्ही पाण्यानं चूळ भरत मला शिव्या द्यायच्या.

पण मला लिहायचं आहे ते जैनीविषयी. एटापल्लीच्या पलीकडे, नाल्याच्या काठी जो पाडा आहे, तिथली जैनी. बाजाराला येऊन येऊन तिला चांगली मराठी यायची आणि तिच्या झोळीत लहान मूल होतं.

शहरातून आलेल्या प्रश्नावलीत विश्वासाच्या पाच पायऱ्या होत्या, अजिबात नाही पासून पूर्ण पर्यंत. त्या पाड्यावर प्रत्येकानं ‘पूर्ण’ सांगितलं. तुम्हाला ते खरं वाटेना. पायऱ्या कागदावरच्या आहेत, म्हणालात, लोकांच्या हातातलं काहीतरी पाहिजे. म्हणून तुम्ही चिंचोके आणलेत. समोर चिंचोक्यांचा ढीग ठेवायचा, आपली स्टीलची वाटी पुढे धरायची आणि म्हणायचं, लसीवर जितका विश्वास आहे तितके चिंचोके वाटीत टाका. मला ती युक्ती फार आवडली. एवढी साधी गोष्ट कोणाला कशी सुचली नाही, असं मी तुम्हाला म्हटल्याचं आठवतं.

जैनीनं ओंजळीनं टाकले. वाटी भरली तेव्हा तिनं वरून हात दाबला आणि आणखी मूठभर टाकून वर शीग लावली. पुढच्या घरीही तेच झालं आणि त्याच्या पुढच्याही. चिंचोके खाली सांडत होते आणि म्हातारे वाकून वाकून वेचून परत आपल्या वाटीत टाकत होते. परत येताना तुम्ही गाणं म्हणत होतात. त्या दिवशी तुम्हाला वळणांवर मळमळलंसुद्धा नाही.

मग लसीकरणाचा दिवस आला. सिस्टर लसीचा डबा घेऊन पाड्यावर पोचल्या तर पाड्यावर कोंबड्या आणि दोन म्हातारे होते. बाया पोरांना घेऊन मोहफुलं वेचायला पहाटेच रानात गेल्या होत्या. सिस्टर दुपारपर्यंत थांबल्या आणि गेल्या. ही बातमी आली तेव्हा मी म्हणाले, पाहा, फसवलं यांनी आपल्याला. तुम्ही दुसऱ्या दिवशी सरळ जीप काढायला लावलीत.

जैनी अंगणात मोहफुलं पसरत होती. तुम्ही तिच्या बाजूला उकिडव्या बसलात, फुलं पसरायला लागलात आणि मध्येच विचारलंत, माय, तू तर माझी वाटी शिगोशीग भरली होतीस, मग सुई द्यायला काऊन नाही आलीस?

जैनीला तो प्रश्नच कळला नाही. मला तिचा चेहरा अजून दिसतो. आपण तिच्यावर काहीतरी भलताच आळ घेतल्यासारखा.

"वाटी तुमची होती ना बाई," ती म्हणाली. "पाहुण्याच्या वाटीत कोणी कमी टाकते का?"

तुम्ही इतक्या हसलात की मोहफुलांवरच बसलात. "काय झालं मले," तुम्ही म्हणत होतात, "तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं अन् दारोदार भीक मागाले वाटी घेऊन फिरलो." जैनीही हसायला लागली, तिच्या शेजारणीही. मीच एकटी हसत नव्हते. तो सगळा आकडा वर पाठवून झाला होता. सगळ्यात जास्त विश्वास कुठे, तर ज्या पाड्यावर त्या दिवशी एका मुलालाही लस मिळाली नाही तिथे.

हसू ओसरल्यावर तुम्ही ती वाटी उचललीत आणि झोळीखाली, बाळाच्या बाजूला जमिनीवर ठेवलीत. म्हणालात, ही आता माझी नाही, तुझ्या लेकराची आहे. विश्वास राहू दे. भेव जितका असेल तितके टाक.

जैनीनं मूठभर चिंचोके घेतले. हात वाटीवर नेला आणि तिथेच थांबली. बोटं उघडेनात. बोलली मात्र. तिच्या बहिणीच्या पोराला सुई दिली त्या दिवशी काय झालं, ते तिनं सांगितलं. सुईनंतर ताप येतो हे कोणी बोललंच नव्हतं. पाऊस होता, नाला भरून आला होता, पोर तापानं फणफणलं होतं आणि कोणाला विचारावं तर पाड्यावर कोणी नव्हतं.

"ताप उतरला मंग," ती म्हणाली. "पण सुईवाली गाडी चालली जाते बाई. ताप इथीच राहते."

आणि चिंचोके वाटीत न टाकता, ढिगातही न टाकता, ती ते मुठीतच धरून बसली. झोळीची दोरी दुसऱ्या हातानं ओढत राहिली.

आपलं भांडण परतीच्या वाटेवर झालं. मी विचारलं, आता काय लिहिणार? तुम्ही म्हणालात, पाहू. मी म्हटलं, मला ‘पाहू’ नका सांगू, कागदावर काय लिहिणार ते सांगा. तुम्ही म्हणालात, तेच लिहीन, ‘पाहू’. मी म्हणाले, ‘पाहू’ म्हणजे किती? एका घरात पाहू म्हणजे नाही, दुसऱ्या घरात पाहू म्हणजे पुढच्या बुधवारी. हे मोजणं झालं का?

आणि मग मी जे बोलले ते मी आजही मागे घेत नाही. मी चंद्रपूरच्या दवाखान्यात घटसर्प झालेलं पोर पाहिलं होतं. त्याचा श्वास घेतानाचा आवाज मी विसरू शकत नाही. मी म्हणाले, तुम्ही समजून घ्या, वाटी इकडे ठेवा, तिकडे ठेवा. घटसर्प वाट पाहत नाही. ज्या पोराच्या गळ्यात पडदा धरतो त्याला तुमच्या समजून घेण्याचा उपयोग काय? तुम्ही आईबापांच्या भीतीवर इतकी माया करता की पोरांची पाळीच येत नाही.

तुम्ही खिडकीबाहेर पाहू लागलात. सागाच्या पानांवर धूळ बसली होती. मला वाटलं, आता तुम्ही मला अहेरीला उतरवून देणार आणि परत बोलावणार नाही.

"तू खरं बोलून राह्यली," तुम्ही म्हणालात. "तसं पोर मी बी पाह्यलं आहे, तुह्या आधी. पण जैनी बी खरं बोलून राह्यली. आता सांग, कोणाले कमी करू?"

मला उत्तर आलं नाही. तुम्हालाही आलं नाही. तुम्हाला येत होतं आणि तुम्ही मला सांगत नव्हतात असं मी किती दिवस समजत होते. आता वाटतं, खरंच येत नव्हतं.

पुढे तुम्ही वरच्या लोकांशी भांडून त्या पाड्यासाठी सिस्टरांचा मुक्काम मिळवलात. लस देऊन त्याच दिवशी परतायचं नाही, एक रात्र शाळेत राहायचं, सकाळी घरोघर जाऊन पोरांच्या कपाळाला हात लावून मग निघायचं. मी म्हणाले, असं प्रत्येक पाड्यावर कसं जमेल. तुम्ही म्हणालात, नाही जमणार. त्या वेळी जैनी आली, आणखीही काही जणी आल्या, काही नाही आल्या. मला पत्रक लिहायचं होतं, ‘मुक्कामाचा विजय’ वगैरे. तुम्ही लिहू दिलं नाहीत. तोपर्यंत मोहाचा हंगामही संपला होता. बाया मुक्कामामुळे आल्या की रानात काम नव्हतं म्हणून आल्या, हे मला सांगता येत नाही, म्हणालात. मला तेव्हा तुमचा राग आला. एवढं करून दाखवलं आणि श्रेय घ्यायची वेळ आली तर हात वर.

रेणू झाली तेव्हा तुम्ही अहेरीला आलात, बसनं, ओकत ओकत. तिला हातात घेऊन म्हणालात, हिचं नाव तरी जरा हलकं ठेवलं. दीड महिन्याची सुई द्यायला मी स्वतः घेऊन गेले, माझा नवरा संदीप शाळेत शिकवायला गेला होता. मनात काही नव्हतं. उलट अभिमान होता. संध्याकाळपर्यंत तिचं अंग भाजायला लागलं. मांडीवर कडक गाठ आली, पाय हलवला की किंचाळायची. दूध घेईना. रडून रडून तिचा आवाज बदलला, तो तिचा आवाजच राहिला नाही. मला सगळं माहीत होतं. ताप का येतो, कशानं उतरतो, गाठ किती दिवस राहते, हे मी कितीतरी अंगणांत समजावून सांगितलं होतं. ते सगळं डोक्यात स्वच्छ होतं आणि तरी मी दर दोन मिनिटांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहत होते.

तुम्हाला फोन केला. तुम्ही औषधाचे थेंब किती द्यायचे ते सांगितलंत, ओल्या कपड्यानं अंग पुसायला सांगितलंत, आणि कुठल्या लक्षणांना लगेच दवाखान्यात न्यायचं तेही. मग विचारलंत, "भेव वाटून राह्यला का तुले?"

मी म्हणाले, "मले कशाचा भेव?"

तुम्ही "बरं" म्हणालात. त्या "बरं"च्या आधी तुम्ही थोडं थांबलात. ते थांबणं मला फोनवर ऐकू आलं होतं. आपलं शेवटचं बोलणं ते.

ताप उतरला. गाठ गेली. रेणू हसायला लागली. सासूबाई फक्त एकदा तिला तेल लावताना म्हणाल्या की हिच्या बापाच्या वेळी एवढ्या सुया नव्हत्या. संदीप म्हणाला, तू म्हणशील तसं. तेव्हा मला नामदेवभाऊ आठवले. तू म्हणशील तसं म्हणजे काही झालं तर नाव कोणाचं निघेल, हे मला त्या घरात उभी राहून कळलं. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, विज्ञान आहे, त्यात घाबरायचं काय. बाबा बरोबर आहेत. मीही बरोबर आहे. मी जे पत्रकात लिहिलं त्यातलं, ते शीर्षक सोडलं तर, एकही वाक्य मला आज खोटं वाटत नाही. आणि तरी तारीख आली त्या दिवशी मी म्हणाले, रेणूला सर्दी आहे, पुढच्या वेळी. तिला सर्दी होती. थोडी.

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

तुमच्या तेरवीला चंद्रपूरला आले. तुमचा मुलगा अभिजित बाहेर मांडवात माझ्याजवळ येऊन बसला. त्यानं सहज सांगितलं, मी कशी हादरले ते त्याला कळलंही नाही. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच तुम्हाला हृदयाची तपासणी करायला सांगितली होती. नळी घालून करतात ती. अभिजितनं नागपूरला वेळही घेतली होती. तुम्ही म्हणालात, पाहू, हे सर्वेक्षण संपलं की. मग म्हणालात, पाहू, पावसाळा संपला की. त्यानं चिडून विचारलं तेव्हा एकदाच म्हणालात, भेव वाटते रे मले त्या नळीचा.

कुंदाबाई, मला तुमचा इतका राग आला की मी ताट तसंच ठेवून उठले. तुम्ही? जन्मभर लोकांना विचारत फिरलात, किती वाटते, काऊन वाटते, आणि स्वतःच्या पोराला ‘पाहू’? तुम्हाला आकडे कळत होते. ती तपासणी किती लोकांना बाधते आणि न केल्यानं किती लोक जातात, हे तुम्ही मला तोंडपाठ सांगितलं असतं. मी असते तर तुम्हाला ओढून नेलं असतं. तुमच्या दारात उभी राहून पत्रक वाचलं असतं, शीर्षकासकट. पण मग वाटतं, वाचून काय झालं असतं? तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलं असतं आणि चहा ठेवला असता.

तपासणी केली असती तर तुम्ही वाचला असता का, तेही कोणी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, कदाचित. इथेही तेच. कोणाला कमी करू?

मला कळत नाही तुमचं मी काय करू. जैनीची मूठ तुम्हाला का कळली होती, ते आता कळतं, आणि कळून राग जात नाही. तुम्ही लोकांची भीती इतक्या मायेनं का ऐकत होतात, याचं कारण जर तुमची स्वतःची भीती असेल, तर ती माया मोठी की छोटी? मी तुमच्याकडून जे शिकले ते बरोबर होतं की त्यानंच तुम्हाला नेलं? भीती समजून घ्यावी हे मला पटलं आहे. पण समजून घेतलेली भीतीही माणसाला मारते, हे तुम्ही मरून दाखवलंत, आणि ते तुम्हाला म्हणायचं होतं असं मला वाटत नाही.

इथपर्यंत मी मंगळवारी लिहिलं होतं. बुधवारी आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत लसीकरण असतं.

मला काही पटलं म्हणून मी गेले असं नाही. सकाळी रेणूला आंघोळ घातली, कपडे घातले, आणि कपडे घालून झालेच आहेत तर, अशी निघाले. सासूबाईंनी टोपी आणून दिली. अंगणवाडीत बाकावर बसले. आमची पाळी आली. सिस्टर सकाळपासून उभ्या होत्या, घामानं चष्मा घसरत होता. मी त्यांना म्हणाले, आणि मला वाटतं हे वाक्य मी पहिल्यांदाच कोणासमोर उच्चारलं, "सिस्टर, मले भेव वाटून राह्यला."

मला वाटलं, त्या काहीतरी समजावतील. तुमच्यासारखं खाली बसून विचारतील.

"वाटू द्या," त्या म्हणाल्या. "पाय घट्ट धरा पोरीचा."

मी पाय धरला. रेणूनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग रडली. सिस्टरांनी थेंबांची बाटली दिली, किती द्यायचे सांगितलं, अर्धा तास बसून राहा म्हणाल्या. ताप येईल, म्हणाल्या, सकाळी आशाताई येऊन पाहून जाईल.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. रेणू खांद्यावर हुंदके देत होती. दाराशी एक बाई तिचं पोर कडेवर घेऊन उभी होती, माझ्याच वयाची. ती आत जात नव्हती आणि परतही जात नव्हती. मी तिला ओळखत नव्हते. ती बराच वेळ रेणूकडे पाहत राहिली आणि मग तिनं विचारलं, "तुमच्या पोरीले मागच्या टायमाले ताप आला होता का?"

"आला होता. लय."

"मंग काऊन आणली?"

कुंदाबाई, हा प्रश्न मला कोणी विचारावा यासाठी मी आयुष्यभर तयारी केली होती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, सगळं जिभेवर होतं. मी ते सांगितलंही, दोन-तीन वाक्यांत, कारण ते खरं आहे आणि तिला ते कळायला पाहिजे. ती अजून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"भीत भीत आणली," मी म्हणाले.

तिनं पिशवीतून फोन काढला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "धरा जरा." तिचं पोर तिनं माझ्या रिकाम्या हातात दिलं आणि लिंबाच्या झाडाखाली जाऊन नवऱ्याला फोन लावला.

मी ओट्यावर दोन लेकरं घेऊन बसले होते. एक रडत होतं, दुसरं त्याच्याकडे टक लावून पाहत होतं. मला हलता येत नव्हतं. झाडाखालून तिचा आवाज तुटक तुटक येत होता. नाई. हो. थांब ना, सांगून तर राह्यलो. मग ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, तरी मला ऐकू आलं.

"ताप येते म्हणते ती. तिच्या पोरीले आला होता. तरी आणली तिनं."